दोन आणे शेर

१७ ऑक्टोबर १९१८, गुरुवार

ठाण्यावर तीस वर्षं रोजनिशी लिहिली, पण ती सरकारी. कोण आलं, कोण गेलं, कुणाला आत टाकलं. पेन्शन झाली तरी हाताची खोड जाईना, म्हणून ही वही आणली. इथे साहेबाची सही लागत नाही, तेव्हा मनात येईल ते लिहीन.

आज डोकं फिरलं ते निंगाप्पा गवळ्यामुळे. आमच्या पेठेच्या तोंडाला दगडी कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ गवळी तिथे म्हशी आणतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. तिथेच उभ्याने प्यायचं, नाहीतर चरवीत घेऊन घरी जायचं. पाणी घालायला जागाच नाही, म्हणून कोल्हापूरचा माणूस दुसऱ्या दुधाला तोंड लावत नाही. दसऱ्यापर्यंत शेराला दोन आणे होते. आज निंगाप्पाने चार मागितले.

मी म्हटलं, "का रं, दूध सोन्याचं झालं काय?"

"हवालदार, पाऊस कुठं झालाय? कडबा केवढ्याला गेलाय बघा की. सरकी तर बघायला मिळंना."

"कडब्याचं मला सांगू नकोस. मी दुधाचं विचारतोय. म्हैस तीच, तू तोच, चरवी तीच. मग दूध दुप्पट झालं कसं?"

गप्प बसला. चोर असाच गप्प बसतो, हे मी तीस वर्षं बघत आलोय.

मला परवडत नाही असं नाही. पण माझ्या घरात महिन्याचं पोर आहे. आमचा कृष्णात पलटणीबरोबर लढाईवर, बसऱ्याला, इकडे सूनबाई चिमणा बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी तिला या मानमोडीच्या साथीचा ताप आला. देवाच्या दयेने पोरगी वाचली, पण अंगावरचं दूध पार आटलं. नातू निंगाप्पाच्या म्हशीच्या दुधावर आहे. पाणी घालून, कापसाच्या बोळ्याने. अशा पोराच्या तोंडचं दूध महाग करायला माणसाला लाज कशी वाटत नाही?

२० ऑक्टोबर, रविवार

तालमीत बैठक झाली. सारी पेठ लोटली होती. मी उभा राहून बोललो आणि बरं बोललो. म्हटलं, दर म्हणजे काय हो? आकाशातून पडतो का? विकणाऱ्याच्या मनात हाव येते, तिलाच आपण दर म्हणतो. हाव दाबा, दर आपोआप दबतो. दंगल मोडायला मला कधी दोनापेक्षा जास्त शिपाई लागले नाहीत, इथे तर सहा गवळी आहेत.

टाळ्या पडल्या. बंडू पैलवान म्हणाला, "हवालदार, तुम्ही नुसतं सांगा, दर कोण मोडतोय ते आमी बघतो." ठराव झाला: पेठेत दूध दोन आणे शेर. जास्त घेणाऱ्याला दंड, देणाऱ्यालाही दंड. शाळेच्या मास्तरांनी कट्ट्यावरच्या भिंतीवर चुन्याने मोठ्या अक्षरात लिहून दिलं. देखरेख माझ्याकडे.

घरी आल्यावर झुंबरला सांगितलं. आमची कारभारीण कधी म्हणून कौतुक करायची नाही. म्हणाली, "आणि निंगाप्पाच्या म्हशी काय खातील?"

"ते त्याचं त्यानं बघावं."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज कट्टा बघण्यासारखा होता. जो अर्धा शेर न्यायचा तो दोन शेर मागत होता. बंडूची पोरं तालमीतून सुटली ती सरळ कट्ट्यावर, एकेकाने चरवी तोंडाला लावली. उजाडतंय न उजाडतंय तोच सगळ्या म्हशी रिकाम्या. याला म्हणतात खप. गवळ्यांनी माझे पाय धरायला हवेत.

मागून आलेल्यांना मिळालं नाही, त्यांनी आरडाओरडा केला. त्यांना म्हटलं, लवकर उठा. शिस्त नको का काही?

२६ ऑक्टोबर, शनिवार

लबाडी पकडली. हे लोक हात उंच धरून धार काढतात, त्यामुळे मापात निम्मा फेस. फेस बसला की शेराचं पाऊण शेर. म्हणजे दर दोन आणे आणि माल दीड आण्याचा. माझ्या डोळ्यांत धूळ टाकतात!

नवा नियम: फेस बसेपर्यंत माप हलवायचं नाही. आता एकेका गिऱ्हाइकाला वेळ लागतो, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. न्याय म्हटला की थोडा वेळ लागायचाच.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी म्हशींची झडती घेतली. लिहितानाही हसू येतं, पण खरं आहे. पूर्वी जी म्हैस पाच शेर द्यायची ती कट्ट्यावर दोन शेरांत संपते. मी कास दाबून बघितली तर ढिली. घरीच पिळून आणतात आणि उरलेलं दाखवायला इथे! बाकीचं कुठे जातं? तर गंगावेशीतल्या कट्ट्यावर. तिथे पाच आणे मिळतात, कारण तिथल्या लोकांना एकी माहीत नाही.

निंगाप्पाला विचारलं तर म्हणतो, "कडबा निम्मा घालतोय हवालदार, दूध पुरं कुठनं यावं? तिच्या पोटात काय हाय ते बघा, कास काय बघताय."

उत्तराला उत्तर! बंडूने त्याला एक धक्का दिला. मी अडवलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

सहापैकी तीनच गवळी आले. दोघं म्हणे सासुरवाडीला गेले, एक मानमोडीने आजारी. म्हशींनाही मानमोडी झाली काय? पण माझ्या घरात दुधाची ददात नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. रोज सकाळी झुंबरच्या हातावर दोन आणे ठेवतो, रोज शेरभर दूध येतं, तेसुद्धा बिनफेसाचं. शेजारची हुसेनबी जाता-येता घेऊन येते. दिलदार टांगेवाल्याची बायको. चिमणाचं बाळंतपण तिनेच केलं, बाई मोठी गुणाची. मग पेठेत ओरड कशाची? दूध मिळत नाही म्हणणाऱ्यांना मी माझ्या घराचा दाखला देतो. दोन आण्यांत मिळतं, मागता आलं पाहिजे.

दुपारी मिरजेचा कडब्याचा व्यापारी आला होता. आपल्या रानातला गेल्या सालचा कडबा घरामागच्या परड्यात गंज घालून ठेवलाय. बैल विकल्यापासून तो तसाच पडून. व्यापारी दुप्पट भाव देत होता. नाही म्हटलं. पाऊस नाही, उन्हाळ्यापर्यंत तिप्पट होईल. घाई काय? आपल्या मालकीची वस्तू, आपण थांबू शकतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

परड्यात चोरी होतेय. गंज पुढून धड दिसते, पण मागच्या बाजूने पेंढ्या ओढल्यात. रोज थोड्या थोड्या जात असणार. हवालदाराच्या घरात चोरी, म्हणजे हद्द झाली!

झुंबरला विचारलं. म्हणाली, "उंदरं असतील."

"उंदीर पेंढ्या उचलून नेतात?"

"मोठी असतील मग," म्हणाली आणि चुलीकडे वळली. बायकांना चोरीचं गांभीर्य कळत नाही.

तपास चालू. संशयित एकच. शेजारी टांगा आहे, टांग्याला घोडा आहे आणि घोड्याला पोट आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

लढाई संपली! तार आली. सरकारी इमारतींवर निशाणं लागली, शाळांना सुट्टी, साखर वाटली. झुंबरने देवापुढे दिवा लावला. कृष्णात परत येणार. पोराचं बारसं तो आल्यावरच करायचं असं चिमणाने धरून ठेवलंय, आता ते होईल.

लढाईमुळे महागाई होती, हे शेंबडं पोर सांगेल. आता उद्यापासून सगळ्याचे भाव उतरणार. सकाळी बाजारात जाऊन बघून येतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उतरले नाहीत. बहुतेक बाजारात अजून नीट कळलं नसावं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिलदारला दारात बोलावून सरळ विचारलं. "माझा कडबा तुझ्या घोड्याच्या पोटात जातोय, कबूल कर, मी ठाण्यावर जात नाही."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "हवालदार, वीस वर्षं शेजारी हाय मी तुमच्या."

"चोर कुणाचा तरी शेजारी असतोच."

त्याच्या मागे हुसेनबी उभी होती. तिने माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे बघितलं. दारात झुंबर. झुंबरचं तोंड पांढरं पडलं होतं. हुसेनबीने नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चला जी. घरात चला." एक शब्द जास्त बोलली नाही. खोटं असतं तर भांडली असती. संशय पक्का झाला.

झुंबर जेवली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हे कसं लिहू कळत नाही. पण क्रमाने लिहितो.

सकाळी कट्ट्यावर फक्त निंगाप्पा आला, एक म्हैस घेऊन. अर्ध्या शेरावर म्हैस संपली. लोक चिडले होते, मला बोलत होते. दोन आणे काय चाटायचे का, असं एक बाई तोंडावर म्हणाली. बंडूने कानात सांगितलं, निंगाप्पाच्या गोठ्याकडून गुपचूप दूध बाहेर जातं, त्याच्या पोरांनी पाळत ठेवलीय. मी म्हटलं, चला.

गोठ्याच्या बोळात तोंडाशीच हुसेनबी सापडली. पदराखाली चरवी. शेरभर ताजं दूध, अजून कोमट.

"कुठनं आणलं?"

तिने चरवीवर पदर ओढला.

"कितीला घेतलं? दोन आण्याला कट्ट्यावर मिळत नाही आणि तुला गोठ्यात मिळतं? किती जास्त दिलेस?"

"हवालदारभाऊ, घरला चला. तिथं सांगते की."

"घरात काय सांगणार? मिटवामिटवी? जे काय ते पेठेसमोर."

"घरला चला," एवढंच पुन्हा म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण नाव घेतलं नाही.

भोवती गर्दी जमली. दंड करायचा तर काय करायचा, आणि मला आदल्या महिन्याभराचा सगळा राग आला होता. मी तिच्या हातातून चरवी घेतली आणि गटारात उपडी केली. लोकांनी शाबासकी दिली. कुणीतरी म्हणालं, हवालदार म्हंजे हवालदार. हुसेनबी रिकामी चरवी उचलून खाली मान घालून गेली. मग बंडू गोठ्यात शिरला आणि निंगाप्पाला त्याच्या बायकोदेखत मारलं.

घरी आलो. पोर रडत होतं. झुंबर म्हणाली, "आज हुसेनबी अजून कशी आली न्हाय? पोराचं दूध घेऊन?"

मी तसाच उभा राहिलो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. मग तिनेच सगळं सांगितलं. दोन आण्यांत पोरापुरतं दूध मिळणं पहिल्याच आठवड्यात बंद झालं होतं. निंगाप्पा म्हणाला, नुसतं पैसं नकोत, म्हशीपुरता कडबाबी द्या, मी पोरापुरतं दूध देतो. तेव्हापासून परड्यातल्या पेंढ्या रोज मागच्या दाराने हुसेनबी नेत होती आणि चरवी आणत होती. माझे दोन आणेसुद्धा जातच होते.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर पोराचं दूध ऱ्हायलं असतं का?"

मी रडणाऱ्या पोराला उचलून घेतलं. पण एवढं लिहितो की नियम सगळ्यांना सारखा, माझ्या घराला वेगळा नव्हता. मला माहीत असतं तरी मी तेच केलं असतं.

हे वाक्य खोडावंसं वाटतंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

निंगाप्पाचा गोठा रिकामा. पहाटे म्हशी घेऊन बायका-पोरांसकट गेला. कुणी म्हणतं कोडोलीला, मेव्हण्याकडे. बंडू म्हणतो पेठेच्या वेशीवर आधीच पहारा बसवायला हवा होता. खरं आहे. त्याचं दूध पेठेचं होतं, ते बाहेर न्यायचा हक्क त्याला कुणी दिला?

कट्ट्यावर आज एकही म्हैस नाही. भिंतीवर अक्षरं आहेत.

दिलदारची माफी मागायला दोनदा उठलो. पायात वहाणा घातल्या आणि काढल्या. उद्या जाईन.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उरलेला कडबा मिरजेच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. घरात ठेवला तर पुन्हा पाय फुटतील. तो तिप्पट देत होता, मी आणखी थोडं ताणलं, तेवढं मिळालं. यात मी कुणाच्या गळ्यावर पाय दिला नाही. बाजारात जो भाव होता तो घेतला. भाव काय मी ठरवतो?

दिलदारकडे गेलो नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

झुंबर गेले चार दिवस अंधारात उठून गंगावेशीत जाते आणि पोरापुरतं दूध आणते. पाच आण्यांनी. पैसे कुठून आणते विचारलं नाही, आधी साठवणीतून, आता कडब्याच्या पैशांतून घेत असावी. आज मात्र बोललो. म्हटलं, "ज्याने दोन आण्यांचा ठराव केला, त्याच्याच घरात पाच आण्यांचं दूध आलं हे लोकांना कळलं तर पेठेत तोंड कसं दाखवू?"

ती म्हणाली, "तोंड तुमचं, पोट पोराचं. कुणाचं आधी बघू?"

लई बोलायला लागलीय. पण आज पोर बोळा चोखता चोखता झोपलं आणि मीच त्याच्या तोंडाचं दूध पुसलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

झुंबरला मानमोडीने गाठलं. काल संध्याकाळी हुडहुडी भरली, आज उठताच येत नाही. चिमणा भिंतीला धरून चालते. तेव्हा गंगावेशीत मलाच जायचं होतं.

चरवी धोतराच्या सोग्याखाली घेतली आणि गेलो. तिथे रांग होती, म्हशी होत्या, भांडण नाही, धक्काबुक्की नाही. ज्याच्याजवळ पैसे तो घेतो, जेवढं लागतं तेवढंच घेतो. पाच आणे मोजून कुणी दोन शेर पीत नाही. आमच्याकडून गेलेले दोन गवळी तिथे बसलेले दिसले, सासुरवाडीला गेलेले. माझा नंबर येणार तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "अरं, हवालदार! तुमी हितं?"

बंडू पैलवान. ओठावर दुधाची मिशी.

मला काय सुचलं असेल? म्हटलं, "दर बघायला आलोय. काय लूट चाललीय ती."

"मीबी त्यासाठनंच," बंडू म्हणाला आणि तोंड पुसलं.

दोघंही थोडा वेळ तिथे उभे राहिलो, मान हलवत. गवळी म्हणाला, "हवालदार, चरवी आणलीया, घालू का?" मी म्हटलं, "नको. ती दुसऱ्या कामाला आणलीय." आणि बंडूबरोबर परत आलो. सबंध वाटेवर तो गवळ्यांना शिव्या देत होता आणि मी हो हो म्हणत होतो.

घरी येऊन नाचणीची पेज केली, पातळ, फडक्यातून गाळून. पोराला बोळ्याने पाजली. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग घेतली. एका दिवसाने काय होतंय?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पोराला हगवण लागली आहे. अजून पेजेवरच. तालमीतले आणखी कुणी दिसतील म्हणून काल आणि आज गंगावेशीत गेलो नाही. हे खरं कारण आहे, दुसरं काही नाही. ठाण्यावर आरोपीकडून असं लिहून घेतलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे.

झुंबर तापात बडबडते. "हुसेनबी आली का?" म्हणून विचारते.

१ डिसेंबर, रविवार

पोर रडत नाही. रडणं बंद झालं तेव्हा मी घाबरलो. वैद्य म्हणाला, पेज बंद करा, ज्या म्हशीचं दूध पचत होतं तेच मिळालं तर बघा. मग मी उठलो आणि सरळ दिलदारच्या दारात गेलो. काय म्हणणार होतो ते सगळं विसरलो. म्हटलं, "कोडोलीला न्हेशील?"

त्याने आत बघितलं. हुसेनबी म्हणाली, "टांगा जोडा." आणि ती आमच्या घराकडे निघून गेली, झुंबरपाशी.

वाटेत मी घोड्याकडे बघत होतो. घोड्याच्या बरगड्या मोजता येतील इतका तो वाळलाय. माझा कडबा खाऊन माजलेला घोडा तो हाच. मी मान दुसरीकडे केली.

निंगाप्पा मेव्हण्याच्या खोपटात सापडला. त्याच्या गालावर अजून काळंनिळं होतं. मला बघून उठला, बसा म्हणाला. मी उभ्यानेच सांगितलं, पोर मरायला लागलंय, शेरभर दूध दे, दर सांगशील तो देतो. पाच आणे, आठ आणे, रुपया घे.

तो म्हणाला, "दर कशाला वाढवताय? तुमचाच ऱ्हाऊ दे की, दोन आणे."

मला वाटलं माझी चेष्टा करतोय. तो मला म्हशीपाशी घेऊन गेला. तीच म्हैस, पण हाडांचा सापळा. कास पोटाला चिकटलेली. म्हणाला, "चालून चालून आटली. हितंबी चारा न्हाय. जो होता तो कुणी मिरजेचा व्यापारी गाड्या भरून घिऊन गेला म्हणं. एक उरलीय, दुसरी वाटंतच बसली ती उठली न्हाय." मग त्याने माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, रागाने नाही, "दर तुमचाच धरा हवालदार. दूध तेवढं न्हाय."

परत येताना दिलदारने मला विचारलं नाही. गंगावेशीत टांगा थांबवला, माझ्या हातातली चरवी घेतली, रांगेत उभा राहिला, आपले पाच आणे दिले आणि दूध आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तालमीतले दोघं तिथेच पीत होते. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. काय झालं? काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. या भीतीपायी मी चार दिवस घालवले.

हुसेनबीने पोराला मांडीवर घेतलं, दुधात पाणी घातलं, बोळा लावला. दोन-तीनदा चोखलं. मग दूध ओठावरून परत आलं.

३ डिसेंबर, मंगळवार

पहाटे पोर गेलं. त्याचं बारसंही झालं नव्हतं. कृष्णातला काय कळवू?

६ डिसेंबर, शुक्रवार

आज पेठेतली माणसं भेटायला आली. बंडू होता, मास्तर होते, तालमीतले सगळे. सोप्यात घोंगडं टाकलं, बसले. झुंबरचा ताप उतरलाय, पण ती आतल्या खोलीत दारापाशी भिंतीला टेकून बसून असते, चिमणाशी बोलत नाही, माझ्याशीही नाही.

दिवसभर मी एकच गोष्ट उलटीपालटी करून बघतोय. ठराव न्यायाचा होता. दर गोरगरिबाला परवडेल असाच होता. मी त्यात माझा एक पैसा फायदा बघितला नाही. मग चुकलं कुठे? गवळ्यांत चुकलं म्हणावं तर निंगाप्पाचं तोंड डोळ्यांपुढे येतं. कडब्यात चुकलं म्हणावं तर तो विकायचा नाही तर काय करायचा? तीस वर्षं मी गुन्हेगार शोधून काढले आणि हा एक सापडत नाही. फार शोधू नये असंही मनात येतं.

 शेवटी मास्तर म्हणाले, "फार वाईट झालं हवालदार. मानमोडीनं घरंच्या घरं बसवली." मी म्हटलं, हो. मानमोडी म्हटलं की बरं असतं.

बंडूला गप्प बसवेना. त्याला माझं समाधान करायचं होतं, एवढं खरं. म्हणाला, "एक मात्र हाय हवालदार. तुमच्यामुळं पेठंचं नाव झालं. गंगावेशीत काल सहा आणं झालं म्हणं. साऱ्या कोल्हापुरात कुठंबी जावा. दोन आण्याला दूध असलेली आपली एकच पेठ हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "खरंय, खरंय."

आतून झुंबरचा आवाज आला. इतके दिवस न बोललेली बाई, पण आवाज सोप्यात सगळ्यांना ऐकू गेला.

"व्हय? मग आणा की शेरभर."